वॉल्टर कौफमन

आमच्या बालपणीं हिंगोलींत पहाटे रेडिओ लावला, कीं कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची एक धून ऐकूं येई. तुमच्या वडीलधाऱ्यांस विचारा. त्यांस ती अजून स्मरत असेल. ती धून बांधणारे गृहस्थ एक यहुदी संगीतकार होते, हें आम्हांस मात्र फार उशिरां कळलें.

कौफमन यांचा जन्म १९०७ सालीं बोहेमियांतील कार्ल्सबाड या गांवीं झाला. यहुद्यांचें गायन पूर्वीं बहुतांशीं सभास्थानांत व घरच्या सणांत राही. पण एकोणिसाव्या शतकांत मेंडेल्सोन व माहलर हे यहुदी कुळांत जन्मलेले रचनाकार यूरोपच्या मोठमोठ्या संगीतसभांत मान पावले. याच वातावरणांत कौफमन वाढले. बर्लिनमध्यें शिकून प्रागच्या जर्मन विद्यापीठांत त्यांनीं माहलरवरच प्रबंध लिहिला. परंतु आपले मार्गदर्शक नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत असें कळतांच त्यांनीं ती पदवी घेण्याचें साफ नाकारलें. पदवीसाठीं माणसें काय काय सोसतात हें आम्ही शिक्षक नित्य पाहतों, म्हणून ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

हिटलरच्या उदयानंतर, १९३४ सालीं, ते मुंबईस आले. हिंदी संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हां त्यांस कांहींच उमगलें नव्हतें. तथापि लक्षावधि लोकांस जें प्रिय, तें आपणांस कळत नसेल तर उणेपणा आपलाच, असें त्यांनीं मानिलें व हें संगीत त्याच्या जन्मभूमींतच शिकावयाचें ठरविलें. मुंबईंत येतांच त्यांनीं पाश्चात्य वाद्यसंगीताचें एक मंडळ स्थापिलें. प्रसिद्ध व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांत त्यांचे सहकारी होते. १९३६ च्या सुमारास त्यांनीं रेडिओची ती धून रचिली. शिवरंजनी रागाशीं तिचें साम्य जाणकार दाखवितात. पुढें १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग त्यांजकडे होता. येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: याच मुंबईंत आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक १८८० पासूनच बायबलांतील कथांवर मराठी कीर्तनें करीत आले होते. बाहेरून आलेल्या या यहुद्यानें आपले राग अभ्यासिले, आणि येथल्या यहुद्यांनीं आपली कीर्तनपद्धति केव्हांच घरची केली होती!

१९४६ नंतर ते इंग्लंडास व तेथून कॅनडास गेले. विनिपेग येथील वाद्यवृंदाचें संचालन त्यांनीं १९५७ पर्यंत केलें आणि मग अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत अध्यापन पत्करिलें. पदवी नाकारणारा हा पुरुष शेवटीं प्राध्यापक झाला. तेथें असतांच त्यांचे उत्तर हिंदुस्थानच्या रागांवरील व दक्षिणेच्या रागांवरील असे दोन मोठे ग्रंथ १९६८ व १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. १९८४ सालीं ब्लूमिंग्टन येथें त्यांचा अंत झाला. इकडे त्या वेळीं ती धून घरोघर पहाटे वाजतच होती.