डॉ. विल्यम केरी

मराठी शब्दांचा कोश म्हटला म्हणजे आमच्या वाचकांस मोल्सवर्थसाहेबांचें नांव आठवतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या कोशाच्या एकवीस वर्षें आधीं, सन १८१० सालीं, दूर बंगाल्यांत श्रीरामपूर येथें एक मराठी कोश छापून निघाला होता. आणि तो रचणाऱ्या गृहस्थानें महाराष्ट्राची भूमि जन्मांत पाहिली नव्हती. हे गृहस्थ डॉ. विल्यम केरी होत.

केरी यांचा जन्म इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत १७ आगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील विणकर असून पुढें गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. मुलाच्या वांट्यास जोडे शिवण्याची उमेदवारी आली. तें काम करीत असतांच त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा साध्य केल्या. सन १७९३ सालीं ते सहकुटुंब बंगाल्यांत आले. दुसऱ्याच वर्षीं, निळीच्या कारखान्यावर चाकरीस असतां, त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर त्यांच्या पत्नी डॉरथी यांचें चित्त बिघडलें, तें १८०७ सालीं त्यांचा अंत झाला तोंपर्यंत ताळ्यावर आलें नाहीं. इंग्लंड सोडावें अशी या बाईंची मुळांत इच्छाच नव्हती. केरींचें चरित्र सांगतांना ही गोष्ट घाईनें ओलांडून जाण्याचा मोह होतो. पण ज्या घरांत ते ग्रंथ सिद्ध झाले, त्याच घरांत ही दुःखी स्त्री दिवस कंठीत होती, हें विसरणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

सन १८०० सालीं केरी श्रीरामपुरास येऊन राहिले. मार्शमन व वॉर्ड हे त्यांचे सोबती. दुसऱ्या वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली, व तेथें बंगाली, संस्कृत आणि पुढें मराठी या भाषा ते कंपनीच्या तरुण अंमलदारांस शिकवूं लागले. वेतन दरमहा ५०० रुपये, पुढें १००० झालें. त्यांतील थोडेंसें घरखर्चास ठेवून बाकीचें ते मिशनच्या कामीं देत. मराठीच्या कामांत त्यांस नागपूरकडील वैजनाथ पंडितांचें मोठें साह्य झालें. १८०५ त मराठीचें व्याकरण निघालें. मागाहून आलेल्या कोशांत मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले आहेत. जी लिपि आमच्या पालकांच्या वाडवडिलांनीं बोरूनें भरभर लिहिली, तिचे खिळे बंगाली कारागिरांनीं पाडले, ही मौज लक्षांत घेण्याजोगी आहे.

११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं छापखान्याच्या कागदाच्या कोठारास आग लागली. वॉर्ड यांनीं दारें-खिडक्या बंद करवून ती कोंडून धरिली होती. परंतु कोणीतरी एक खिडकी उघडली, वारा आंत शिरला, आणि मध्यरात्रीं छप्पर कोसळलें. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. सकाळीं मार्शमन यांनीं जाऊन त्यांस वर्तमान कळविलें. कागद जळाला, खिळे वितळले. त्याचें मूल्य पैशांत करतां येईल. पण केरींनीं कित्येक वर्षें खपून चालविलेला अनेक भाषांचा एकत्र कोश हस्तलिखितच होता, त्याची दुसरी प्रत नव्हती. तो गेला तो गेलाच.

राखेंत खिळे पाडण्याचे ठसे व साचे मात्र शाबूत सांपडले, आणि शेजारच्या खोलींतील यंत्रेंही वांचलीं. कांहीं आठवड्यांतच वितळलेल्या धातूचे नवे खिळे ओतणें सुरू झालें. केरी तेव्हां पन्नाशीचे होते. जळालेलीं तेलुगु व पंजाबी व्याकरणें त्यांनीं पुन्हा आरंभापासून लिहून छापविलीं. बहुभाषी कोशास मात्र त्यांनीं पुनः हात घातला नाहीं.

९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरासच त्यांचें देहावसान झालें. त्यांचा मराठी कोश आज नित्याच्या उपयोगाचा राहिलेला नाहीं. शब्द जेथें बोलले जातात त्या गांवोगांवीं हिंडून ते गोळा करण्याची संधि त्यांस नव्हती, व ती उणीव कोशांत दिसते. तरी त्याच छापखान्यांतून आगीनंतर दोनच वर्षांनीं वैजनाथ पंडितांची सिंहासनबत्तिशी व पुढच्या वर्षीं हितोपदेश मोडींत छापून बाहेर पडले.