मिरजेचे डॉ. सर विल्यम वानलेस

कृष्णाकांठच्या ज्या वाचकांनीं मिरजेच्या मिशन रुग्णालयाचें नांव ऐकलें नाहीं असे थोडेच असतील. तें ज्यांनीं उभारिलें ते डॉ. विल्यम जेम्स वानलेस इ. स. १८६५ मध्यें कॅनडा देशांत जन्मले. न्यूयॉर्क येथें वैद्यकीचें शिक्षण पुरें करून १८८९ सालीं ते पत्नीसह हिंदुस्थानांत आले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें त्यांनीं प्रथम सांगलीस लहानसा दवाखाना चालविला. पुढें मिरजेस रुग्णालय बांधण्यांत येऊन तें १८९४ सालीं सुरू झालें.

त्या काळीं शस्त्रक्रिया म्हणजे मरणाशींच गांठ, असें खेड्यांतील लोक समजत. आणि तें अगदींच खोटें नव्हतें. पुष्कळदां रोगी सुरीनें मरत नसे; मागाहून जखम सडे, तिनें मरे. डॉक्टरास कौशल्य नसे म्हणून हें होई असें नव्हे. हात, हत्यारें व पट्ट्या ह्यांबरोबर डोळ्यांस न दिसणारे जंतु जखमेंत शिरत. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर ह्यांनीं कार्बोलिक आम्लानें जखम शुद्ध राखण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें हत्यारें उकळण्याची व कापड वाफेनें शुद्ध करण्याची चाल पडली. वानलेस ह्याच नव्या पिढीचे शस्त्रवैद्य होते.

परंतु शास्त्र एकट्या डॉक्टरास ठाऊक असून भागत नाहीं. हत्यारें कोण उकळतो, पट्टी कोण बदलतो, रात्रीं रोग्याजवळ कोण जागतो, ह्यांपैकीं एकानें हयगय केली कीं उत्तम शस्त्रक्रियाही व्यर्थ जाते. मोटेचा नाडा एके ठिकाणीं कुजला, तर बाकीचा बळकट असून काय उपयोग? हात धुणें, भांडीं उकळणें हीं आपण हलकीं कामें मानतों. रुग्णालयांत रोग्याचा जीव त्यांवरच लोंबकळत असतो.

वानलेस ह्यांच्या हाताचें कसब मोठें खरें, पण आमच्या मतें त्यांचें अधिक मोठें काम तें कसब दुसऱ्यांस देण्याचें होय. १८९७ सालीं त्यांनीं मिरजेस वैद्यकीय शाळा काढिली. परिचारिकांचें शिक्षणही तेथें होऊं लागलें. शाळेंतून निघालेले अनेक तरुण ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत कामास लागले. क्षयरोग्यांसाठीं मिरजेजवळ वेगळें आरोग्यधाम झालें. एकाचा रोग दुसऱ्यास लागूं नये, हा वेगळेपणाचा मोठाच लाभ. त्या वस्तीस वानलेसवाडी हें नांव पडलें.

१९२८ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली, व त्याच वर्षीं सुमारें ३९ वर्षांची सेवा संपवून ते परत गेले. १९३३ सालीं अमेरिकेंत त्यांचें देहावसान झालें. मिरजेंत त्यांनीं शिकविलेले हात तेव्हां कामांत होते.