एका सरकारी निर्णयाने लाखो रेडिओ निकामी झाले आणि एफएमचा शोध लावणारा माणूस उद्ध्वस्त झाला

भारतात कुठल्याही शहरात एफएम लावा, स्टेशनचा आकडा ८८ ते १०८ च्या मधलाच निघतो. एफएमची ही जागा आली अमेरिकेतल्या १९४५ च्या एका निर्णयातून. त्याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती एफएम शोधणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगने.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच त्याने क्षीण रेडिओ सिग्नल कित्येक पटींनी वाढवणारं सर्किट तयार केलं. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर बनवला. पुढे कित्येक दशकं घराघरातले रेडिओ आणि टीव्ही याच तत्त्वावर चालले.

पण त्या काळच्या एएम रेडिओची एक डोकेदुखी होती, खरखर. एएममध्ये आवाज लहरींच्या उंचीवर स्वार असतो आणि वीज कडाडली की तीही लहरींच्या उंचीतच गडबड करते. आर्मस्ट्राँगने उंचीचा नादच सोडला आणि फ्रिक्वेन्सी बदलून आवाज पाठवला. १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या इंजिनिअर मंडळींना त्याने एफएम ऐकवलं, तेव्हा ग्लासात पाणी ओतल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ आला.

आरसीए या बलाढ्य कंपनीचा डेव्हिड सारनॉफ त्याचा जुना मित्र. आर्मस्ट्राँगची बायको मॅरियन आधी सारनॉफचीच सेक्रेटरी होती. पण आरसीएचा धंदा एएमवर उभा होता आणि पुढचा डाव टीव्हीवर लावलेला होता. एफएमला तिथे थारा मिळाला नाही. मग आर्मस्ट्राँगने स्वतःच्या पैशातून न्यूजर्सीतल्या अल्पाइनमध्ये टॉवर उभारला.

१९४० मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. स्टेशनं सुरू झाली, लोकांनी रेडिओ घेतले. त्याच वर्षी आरसीएने रॉयल्टीऐवजी एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या रॉयल्टी देतात, मग आरसीएला सूट का, म्हणून त्याने नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात मात्र अमेरिकन सैन्याला त्याने आपली पेटंट फुकट वापरू दिली.

युद्ध संपत आलं आणि १९४५ मध्ये एफसीसीने एफएमला उचलून वरच्या पट्ट्यात टाकलं. कारण दिलं की सूर्यावरच्या डागांमुळे खालच्या पट्ट्यात लांबच्या स्टेशनांची सरमिसळ होईल. ही भीती अवास्तव आहे, असं आर्मस्ट्राँग सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. रिकाम्या झालेल्या जागेतला मोठा भाग आधी टीव्हीला आणि १९४८ मध्ये गाड्यांमधल्या वायरलेससारख्या मोबाईल सेवांना गेला.

लोकांच्या घरातले लाखो एफएम रेडिओ नव्या पट्ट्यावर चालत नव्हते. स्टेशनांना नवे ट्रान्समीटर घ्यावे लागले. एफएम कित्येक वर्षं मागे पडलं.

टीव्हीचा आवाज एफएमवरच चालायचा, तरी आरसीए रॉयल्टी देईना. १९४८ मध्ये तो कोर्टात गेला. खटला लांबत गेला, पेटंटची मुदत संपली, पैसाही संपत आला. जानेवारी १९५४ च्या अखेरीस, वयाच्या ६३ व्या वर्षी आर्मस्ट्राँगने आत्महत्या केली.

त्याच वर्षी आरसीएने मॅरियनशी तडजोड केली. रक्कम होती साधारण १० लाख डॉलर, म्हणजे १९४० मध्ये त्याने नाकारली होती तेवढीच. मॅरियन बाकीच्या कंपन्यांशी लढत राहिली. १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटलाही तिने जिंकला.

स्पेक्ट्रम मर्यादित आहे. एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याला सरकवावं लागतं. आज ५जी आणि सॅटेलाइट कंपन्या पट्ट्यांसाठी भांडतात, तेव्हा मुद्दा हाच असतो. कोण कुठे बसणार हे ठरवणारा कागद चांगल्या शोधालाही वर्षानुवर्षं मागे ढकलू शकतो.

अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही चॅनेल्सनी याच टॉवरवरून प्रक्षेपण केलं होतं.