बेंजामिन फ्रँकलिन, गाऊट आणि व्यायाम
बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ मध्ये बोस्टन येथे झाला. विजेवरील प्रयोग आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य यांमुळे ते जगाला माहीत आहेत. ते पट्टीचे पोहणारेही होते. तरुणपणी लंडनला असताना त्यांनी थेम्स नदीत चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंतचे अंतर पोहून पार केले होते.

उतारवयात फ्रान्समध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी असताना मात्र बैठे काम, बुद्धिबळ आणि मेजवान्या वाढल्या. गाऊटने पाय धरले. १७८० मध्ये त्यांनी गाऊटशी स्वतःचा विनोदी संवाद लिहिला. त्यात चालणे सोडून बग्गीतून फिरल्याबद्दल हा आजारच त्यांना फैलावर घेतो.

पण दोष केवळ आळसाचा नसतो. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढते आणि त्याचे स्फटिक सांध्यात साचतात, म्हणून गाऊट होतो. त्यामागे आनुवंशिकता आणि मूत्रपिंडाचे कार्यही असते. युरिक अ‍ॅसिड कमी करणारी आजची औषधे फ्रँकलिन यांच्या काळी नव्हती. १७९० मध्ये, ८४ व्या वर्षी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

तुम्हाला गाऊट असेल तर सांधा लाल, सुजलेला व ठणकत असताना व्यायाम करू नका. पाय उंच ठेवून विश्रांती घ्या. सूज पूर्ण उतरल्यावर सपाट जागी चालणे, पोहणे किंवा सायकल चालवणे थोड्या वेळापासून सुरू करा. पाणी पुरेसे प्या. व्यायाम सुरू केला म्हणून औषध मनाने बंद करू नका. सांधेदुखीसोबत ताप आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.