रक्ताचा जमाखर्च मांडणारे डॉ. हार्वे



अवधूतांनी चोवीस गुरू केले हे आपण सारे दत्तभक्त जाणतो. पृथ्वी, वारा, कबुतर, मधमाशी असे सगळे गुरू सांगून झाल्यावर ते स्वतःच्या देहालाही गुरूच म्हणतात, असे भागवताच्या एकादश स्कंधात आहे. या देहगुरूपाशी जन्मभर बसलेला एक परदेशी माणूस म्हणजे डॉ. विल्यम हार्वे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे म्हणून त्यांचे नाव आपण शाळेत वाचलेले असते. मला त्यांचे चरित्र भावते ते वेगळ्या कारणाने. श्रद्धा आणि हिशेब त्यांनी एकाच वहीत मांडले, आणि माझी उभी नोकरी बँकेच्या खातेवहीतच गेली!

हार्वे यांचा जन्म १५७८ साली इंग्लंडमधल्या फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. केंब्रिजला शिकून ते इटलीत पाडुआला गेले आणि १६०२ मध्ये डॉक्टर झाले. तिथले त्यांचे गुरू फाब्रिसियस यांनी शिरांच्या आतल्या बारीक झडपा दाखवल्या होत्या. हातापायांत रक्त एकदम साचू नये म्हणून त्या झडपा आहेत, अशी गुरूंची समजूत. त्या काळी गेलन या प्राचीन वैद्याचा शब्द चौदाशे वर्षे प्रमाण होता. यकृत अन्नापासून रक्त तयार करते, ते अंगभर जाते आणि तिथेच जिरते, असं सगळे धरून चालत.

लंडनला परतून हार्वे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम करू लागले, पण त्या झडपा काही डोक्यातून जाईनात. सगळ्या झडपा हृदयाकडेच उघडतात. ज्या सृष्टीत काहीच उगाच नाही, तिने इतक्या झडपा हेतूवाचून का बसवाव्या? विचाराला सुरुवात इथून झाली, असे त्यांनी म्हातारपणी रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाला सांगितले.

मग त्यांनी सरळ हिशेब केला. हृदय एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर टाकते असे धरू. अर्ध्या तासात १००० ठोके धरले तर ५०० औंस, म्हणजे सुमारे १४ किलो झाले. एवढे रक्त तर अख्ख्या शरीरात नसते! खाल्लेल्या अन्नातूनही ते दर अर्ध्या तासाला तयार होणे शक्य नाही. खर्ची पडलेली रक्कम पुन्हा जमेला येत असल्याखेरीज हा ताळेबंद जुळतच नाही. म्हणजे रक्त धमन्यांतून जाते आणि शिरांवाटे हृदयाकडे परत येते.

१६२८ मध्ये त्यांनी हे लॅटिन ग्रंथात मांडले. विरोध झाला. लोकांनी त्यांना चक्रम ठरवले आणि रोगीही कमी झाले, असे सांगतात. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

एक दुवा मात्र त्यांना अखेरपर्यंत दिसला नाही. धमनीतले रक्त शिरेत नेमके कुठून जाते? वाट असलीच पाहिजे, हे हिशेब सांगत होता. डोळ्यांना ती दिसत नव्हती. १६५७ मध्ये हार्वे वारले. पुढे १६६१ मध्ये माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. वाट होती!

विज्ञान शिकलं की देव सुटतो, असं काही जण म्हणतात. हार्वेंच्या बाबतीत उलटं झालं. रचना हेतूपूर्वक आहे या विश्वासानेच त्यांना प्रश्न पडला, आणि हिशेबाने उत्तर दिले. आपण त्या रचनाकाराला दत्तमहाराज म्हणतो, एवढंच.

आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देते. आपण त्यातला एकही मोजत नाही. झोपेतही हे खाते कोणीतरी चालू ठेवतो. जपाला बसताना क्षणभर मनगटावर बोट ठेवून पाहा, माळेआधीच कुणाचा तरी जप चाललेला असतो.