पानगळीत भेटलेला मेजर

फाल्गुन लागला की माझी पावले आपसूक मेळघाटाकडे वळतात. अमरावतीहून पहाटेची एसटी, परतवाड्याला चहा आणि पुढे सेमाडोहचा घाटरस्ता. सागाची मोठाली पाने पापडासारखी वाळून पायाखाली कुरकुरतात. सालई, मोई उघड्या पडतात आणि कुसुमाला मात्र लालभडक पालवी फुटते. ही पानगळ मी वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात साठवली. पण एका पावसाळ्यात माझ्या पंधरा वर्षांच्या निगेटिव्हज् घरच्या ट्रंकेतच बुरशीने खाल्ल्या. त्या दिवशी मला मेजर रॉबर्ट गिल आठवला.

गिल आपल्याला ठाऊक आहे तो अजिंठ्यामुळे आणि पारोमुळे. ना. धों. महानोरांच्या काव्याने आणि २०१२ च्या चित्रपटाने ती कहाणी घरोघर नेली. पण पारो १८५६ मध्ये गेली. त्यानंतरचा गिल फारसा कुणी सांगत नाही.

हा मूळचा लंडनचा, जन्म १८०४ चा, मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला नेमले. अंधारी लेणी, भोवती वाघाचे रान, हाताशी तुटपुंजी साधने. तरीही जवळजवळ वीस वर्षे तो भिंतीएवढी तैलचित्रे रंगवून लंडनला पाठवत राहिला. ती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. वीस वर्षे एका रात्रीत पाचोळ्यासारखी गेली!

मात्र १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेराही हाती घेतला होता. तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे खटाटोपच. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि तिथेच तंबूच्या अंधारात ते धुवायचे. त्या काचेला निळा रंग तेवढा नीट दिसे. हिरवे पान आणि कुसुमाची लाली दोन्ही काळीच उमटत. वाऱ्याने फांदी हलली की चित्र पुसट. तसल्या साधनांनी त्याने अजिंठा, वेरूळ टिपले आणि आपल्या वऱ्हाडातले लोणारही. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनला निघाली. एकात वास्तूंच्या जोडीला निसर्गही होता. पानापानांवर मूळ छायाचित्रेच चिकटवलेली होती.

तैलचित्र एकच होते, ते गेले. छायाचित्रांच्या प्रती मात्र अनेकांच्या कपाटांत पांगल्या, म्हणून त्या आजही पाहता येतात. ज्याला त्याने आयुष्य दिले ते राख झाले आणि उशिरा हाती आलेले टिकले.

ट्रंक रिकामी केल्यावर महिनाभराने मी अकोल्याला आत्याकडे गेलो. तिच्या ओसरीत सिपना नदीकाठच्या पानगळीचा माझाच जुना फोटो टांगलेला होता, लग्नाच्या वाढदिवसाला दिलेला. मग मी नातेवाइकांच्या घरी हिंडलो. बावीस फोटो सापडले. आता प्रत्येक चांगल्या फोटोच्या चार प्रती काढतो आणि चार घरी देऊन टाकतो.

गिल १८७९ मध्ये वारला, भुसावळला त्याला पुरले. मुंबईला जाताना गाडी तिथे थांबली की मी खिडकीतून बाहेर बघतो. थडगे दिसत नाही. पण हात मात्र नकळत जोडले जातात.