पालवणकर बाळू : पूना क्लब ते येरवडा

सन १८९२ च्या सुमारास पुण्याच्या लष्कर भागातील पूना क्लबच्या मैदानावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा रोज नेमाने कामाला येत असे. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, रेषा आखायच्या, ही त्याची कामे. पगार महिना चार रुपये. क्लब गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि मुलगा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातील. त्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, सप्टेंबर १९३२ मध्ये, याच पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात एक ऐतिहासिक करार झाला. त्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांमध्ये हाच मुलगा होता. त्याचे नाव पालवणकर बाळू. या दोन प्रसंगांच्या दरम्यान भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज घडला, आणि हिंदू म्हणवणाऱ्या एका संघाला आपण नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातले. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्याने कुटुंब पुण्यात आले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळू लागले. घरच्या ओढगस्तीत शाळा फार काळ चालली नाही. पुण्यातील पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर बाळूंना मैदान राखण्याचे पहिले काम मिळाले. फावल्या वेळात सभासदांना चेंडू टाकावा, इतकीच मुभा होती. पुढे एका रुपयाच्या वाढीवर ते पूना क्लबात आले आणि तेथे त्यांच्या डाव्या हाताला खरा सराव मिळाला.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे कसलेले फलंदाज होते. इतर खेळाडू येण्यापूर्वी ते मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन् तास गोलंदाजी करून घेत. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस ते आठ आणे बक्षीस देत, अशी कथा सांगितली जाते. आठवड्यातून दोनदा बाद केले तरी महिन्याचा पगार दुप्पट होई! मात्र या साऱ्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. नोकराने चेंडू टाकावेत, असा तेथला रिवाज होता. या रिवाजानेच हजारो चेंडूंच्या सरावातून अचूक टप्प्याचा, उंचीत आणि वेगात फरक करणारा फिरकी गोलंदाज तयार केला.

ग्रेगना हैराण करणाऱ्या या मुलाची कीर्ती शहरातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. त्यांना पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवायचे होते. पण त्यासाठी अस्पृश्याला संघात घ्यावे काय? काही तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद विरोधात होते. असा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत खुद्द ग्रेग यांनीच दिल्याचे सांगतात. अखेर बाळू संघात आले, गोऱ्यांच्या विकेट पडू लागल्या आणि विजयही मिळू लागले.

मैदानावर सर्वांचे हात एकाच चेंडूला लागत. चहाच्या सुट्टीत मात्र संघ पुन्हा जातींत विभागला जाई. इतरांना तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा मिळे. बाळूंना तो बाहेर, टाकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात दिला जाई. त्यांचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवायचे असल्यास अस्पृश्य समाजातलाच एक नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून ओती. ज्यांच्यासाठी ते बळी मिळवत होते, त्यांच्या पंगतीत बसण्याची त्यांना मुभा नव्हती.

साताऱ्याच्या एका सामन्याने हा विरोधाभास चव्हाट्यावर आणला. बाळूंच्या फिरकीला वाव मिळू नये म्हणून तेथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरवून ती टणक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा हिंदू संघ जिंकला. पुण्यात त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही त्यांचा जाहीर गौरव केल्याचे सांगितले जाते. सामाजिक सुधारणेवरून टोकाचे मतभेद असलेल्या या दोन पुढाऱ्यांचे एका खेळाडूविषयी एकमत व्हावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत, असा रानड्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१८९६-९७ मध्ये प्लेगने पुणे-मुंबई हादरली. याच सुमारास बाळू मुंबईला गेले. ते प्रथम लष्कराच्या पलटणीकडून खेळले, मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना प्रवेश मिळाला. मुंबईचे क्रिकेट तेव्हा जातिधर्माच्या कप्प्यांत वाढत होते. गौड सारस्वतांचा क्लब निराळा, क्षत्रियांचा निराळा. पारशी आणि गोरे यांच्यात १८९२ पासून प्रेसिडेन्सी सामने होत होते. हिंदूंना या पंक्तीत बसायचे असेल, तर साऱ्या जातींतील उत्तम खेळाडू एकत्र आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाळूंपाठोपाठ शिवरामही संघात आले. पुण्याने जे नाकारले होते ते मुंबईच्या जिमखान्यात काही अंशी घडले. दोघे भाऊ सहकाऱ्यांसोबत जेवू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ मुंबईत गोऱ्यांशी प्रथमच मोठा सामना खेळला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. गोऱ्यांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. वंगभंगाच्या चळवळीने देश तापला असताना मिळालेल्या या विजयाचे पडसाद मैदानाबाहेरही उमटले. सुधारकी वृत्तपत्रांनी त्यातून जातिभेद सोडल्यास काय साधते याचा धडा काढला. १९०७ मध्ये तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये पंचरंगी. १९४६ पर्यंत ही स्पर्धा मुंबईकरांचा वार्षिक उत्सव होती.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. एकूण २३ सामन्यांपैकी १५ गमावलेल्या या दौऱ्यात पस्तिशीच्या बाळूंनी ११४ बळी मिळवले, त्यांतले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. शिवरामनेही सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शतक झळकावले. मुंबईला परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता. आपल्यातला एक माणूस केवळ गुणांच्या बळावर साऱ्या देशात नावाजला जातो, ही गोष्ट त्या पिढीला बळ देणारी होती.

पण संघाचे कर्णधारपद? ज्येष्ठता, अनुभव, कामगिरी या तिन्ही कसोट्यांवर ते बाळूंकडे यायला हवे होते. ते आले नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान ज्येष्ठ बाळूंना मिळायला हवा होता, असे स्वतः पै यांनीच जाहीरपणे म्हटले. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. एका अस्पृश्याच्या हाताखाली सवर्णांनी खेळायचे, ही कल्पना जिमखान्याच्या पचनी पडत नव्हती.

१९२० मध्ये ही कोंडी फुटली. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने नेतृत्व कोणाकडे जावे हा प्रश्न आला. चार पालवणकर बंधूंपैकी विठ्ठल हे तोवर संघातील आघाडीचे फलंदाज झाले होते. त्यांना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे धुरा देण्यात आली. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. अस्पृश्यता निवारणाचा प्रश्न त्याच वर्षी राष्ट्रीय चळवळीच्या व्यासपीठावर आला होता. त्यामुळे लोकमत बंधूंच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊ पुन्हा संघात आले. सामना सुरू असताना पै काही काळ हेतुपुरस्सर मैदानाबाहेर गेले. तेवढ्या अवधीपुरते बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. आयुष्यभराच्या सेवेचे हे मोल अपुरेच होते. पण बंद दार त्याने किलकिले झाले. १९२३ मध्ये विठ्ठल संघाचे कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. पुढे विठ्ठलांनी मराठीत लिहिलेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले आणि येथे त्यांची वाट आंबेडकरांपासून वेगळी झाली. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, ही आंबेडकरांची भूमिका. बाळूंना संयुक्त मतदारसंघ मान्य होते. हिंदू संघातला अपमान भोगूनही ते या समाजात राहून बदल घडवू पाहत होते. आंबेडकरांचा त्या बदलावरचा विश्वास उडत चालला होता. गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात उपोषण आरंभले, तेव्हा तडजोडीसाठी धडपडणाऱ्यांत बाळूही होते. २४ सप्टेंबरला करार झाला. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. मतदारांनी आपला कौल दिला होता. पुढे दलित चळवळीच्या इतिहासात बाळूंचे नाव मागे पडले, त्याला ही निवडणूकही कारणीभूत असावी.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, तेव्हा त्यांचा खेळ कधीच थांबला होता. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत ते नाहीत. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, एवढीच त्यांची नोंद आकड्यांत उरली. रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाने त्यांना पुन्हा प्रकाशात आणले. त्याआधीच्या वर्षी आलेल्या ‘लगान’ चित्रपटातील कचऱ्याची व्यक्तिरेखा पाहून अनेकांना बाळूंची आठवण झाली. पण कचऱ्याला एका सामन्यात न्याय मिळाला. बाळूंना तो साऱ्या कारकिर्दीत मिळाला नाही.

पूना क्लब आणि येरवडा यांच्यात अवघ्या काही किलोमीटरचे अंतर आहे. हे अंतर कापायला बाळूंना चाळीस वर्षे लागली. त्यांच्या गोलंदाजीचा अभिमान बाळगणाऱ्या या शहराने त्यांना मातीच्या भांड्यात चहा दिला होता. त्यांचे स्मरण करताना पुणेकरांनी या दोन्ही गोष्टी सोबतच लक्षात ठेवायला हव्यात.